केस त्यांनी कापले, सुतक आम्हाला

माणूस गेला की मागे राहिलेल्यांनी केस काढायचे, ही आपल्याकडची रीत. मेटॅलिका या मेटल बँडच्या बाबतीत सगळंच उलटं झालं. १९९६ साली त्यांचा 'लोड' हा अल्बम आला. आतल्या फोटोंत चौघांचेही केस कापलेले, आणि दोघांच्या डोळ्यांत चक्क काजळ! म्हणजे गेलेही तेच, केसही त्यांनीच काढले. सुतक तेवढं आम्हाला लागलं.

आमची मेटलवाल्यांची टोळी पाचूबंदरात होड्या ओढून ठेवतात तिथे बसायची, वसईच्या किल्ल्याला पाठ टेकून. भर मे महिन्यातही अंगात काळे टी-शर्ट. शेजारी बांबूंवर बोंबील सुकत असायचे, त्यामुळे लांबून पाहणाऱ्याला सुकत घातलेलं नक्की कोण आहे हे कळायला वेळ लागे. 'लोड' हाती आला त्या संध्याकाळी सर्वानुमते ठराव झाला की मेटॅलिका विकली गेली. ठरावाचा आवाज जाळी विणत बसलेल्या मावशीपर्यंत गेला. तिनं मान वर न करता विचारलं, "विकली गेली ना? भाव बरा आला का?" कोळीवाड्यात माल विकला न जाणं हे दुःख असतं. विकला गेला म्हणून रडणारी पोरं तिनं पहिल्यांदाच पाहिली असावीत.

पुढे कळलं की हे सुतक आमच्या आधीपासून चालू होतं. मेटॅलिकाचा पहिला अल्बम १९८३ चा आणि दुसरा १९८४ चा. दुसऱ्यात 'फेड टू ब्लॅक' नावाचं एक संथ गाणं होतं आणि त्यात अकूस्टिक गिटार. झालं, 'हे विकले गेले' ही ओरड तेव्हाच सुरू झाली. बारशाच्या घुगऱ्या संपायच्या आत बाराव्याची तयारी. मग १९८९ मध्ये त्यांनी पहिला व्हिडिओ काढला, पुन्हा गेले. १९९१ चा काळ्या कव्हराचा अल्बम एकट्या अमेरिकेत कोटीच्या वर खपला, तेव्हा तर कायमचेच गेले. २००३ च्या 'सेंट अँगर'मध्ये गिटारचे सोलोच गायब, आणि स्नेअर ड्रमखालच्या तारा सैल सोडल्यामुळे होडीच्या इंजिनाचं झाकण बडवल्यासारखा आवाज. तो आवाज आम्हाला धक्क्यावर रोज फुकट मिळायचा; त्यासाठी पैसे मोजायला लागले याचा संताप वेगळा. एवढ्या वेळा मेलेला बँड २०११ च्या ऑक्टोबरात बंगळूरला जिवंत वाजवून गेला. आमच्यातले तिकीट काढून गेले आणि परत आल्यावर म्हणाले, नवी गाणी वाजवली तेव्हा आम्ही पाणी प्यायला गेलो होतो.

खरं तर या संगीताचा जन्मच एका बदलातून झाला. बर्मिंगहॅमचा टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. बोटांना प्लॅस्टिकच्या टोप्या लावून आणि पुढे तारा सैल करून तो वाजवू लागला, आणि त्यातून त्याच्या ब्लॅक सॅबथ या बँडचा तो जड, काळवंडलेला आवाज आला. तेव्हा त्याला चाहते नव्हते हे जगाचं नशीब. असते तर म्हणाले असते, "बोटं होती तेव्हा बरा वाजवायचा."

चाहत्याच्या तोंडाला तर काही धरबंधच नसतो. १९६६ साली मँचेस्टरला बॉब डिलन इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभा राहिला तेव्हा प्रेक्षकांतून एक जण ओरडला, "जुडास!" आमच्या गावात ही शिवी हलकी नाही, गुड फ्रायडेला त्या नावाचा उद्धार दरवर्षी होतो. डिलननं पुढच्याच वर्षी एका गाण्याच्या नावात जुडास प्रीस्ट नावाचं पात्र घातलं, त्यावरून बर्मिंगहॅमच्याच पोरांनी बँडचं नाव ठेवलं, आणि १९८६ मध्ये त्या जुडास प्रीस्टनं गिटारला सिंथेसायझर जोडल्यावर त्यांच्या चाहत्यांनी नाकं मुरडली. आता ज्याचं नावच जुडास त्याला दगाबाज म्हणायचं तरी कसं?

मुंबईचं उदाहरण तर घरचंच. महेश तिनईकर, उदय बेनेगल वगैरेंचा रॉक मशीन हा बँड. १९८८ ची त्यांची कॅसेट आमच्यात इतकी फिरली की शेवटी तिची नुसती रीळ उरली. चर्चगेट लोकलमध्ये लोंबकळत धोबी तलावाच्या रंगभवनापर्यंत जायचं, आणि परतीची शेवटची गाडी चुकली तर फलाटावर झोपायचं, अशी आमची भक्ती. १९९३ मध्ये त्यांनी नावच बदललं, इंडस क्रीड झाले, आणि हळूहळू गाण्यांत इकडचे सूर डोकावू लागले. टोळीतल्या कर्मठानं जाहीर केलं की हे इंग्रजांचं संगीत आहे, यात भारतीयपणा घुसडून भेसळ करू नये. कोळणीच्या पोरानं पाचूबंदरच्या वाळूत बसून म्हटलेलं हे वाक्य मी अजून जपून ठेवलंय.

वसईच्या मातीत मुळात खरं हेवी मेटल होतं ते चर्चच्या घंटांचं. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि त्या पोर्तुगीज घंटा घाटावर गेल्या. एक मेणवलीला, एक भीमाशंकरला, एक नाशकात नारोशंकराच्या देवळात. त्यांनी सूर बदलला नाही, श्रोते बदलले. लॅटिन प्रार्थना ऐकणारे गेले, शिवाचे भक्त आले, आणि कुणाचीही तक्रार नाही! बँडवाल्यांचा हट्ट बरोबर उलटा: सूर बदलू, श्रोते मात्र तेच पाहिजेत.

आमच्या काकांना हे सगळं पोरकट वाटायचं. ते लग्नांत ब्रासबँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. पुढे लग्नांत डीजे आला, तशी कोळीगीतं त्यावर ढणढणू लागली. पहिल्याच लग्नात काका खुर्चीवरून उठून तडक घरी आले आणि आमच्या ठरावाचाच मजकूर त्यांनी शब्दशः म्हणून दाखवला: आत्मा गेला, नुसता आवाज राहिला, हे विकले गेले. पलीकडे आजी बसली होती. ती म्हणाली, "तुमचा पितळी बँड पहिल्यांदा आला तेव्हा आमचा घुमट वाजवणारा म्हातारा असाच उठून गेला होता."

कर्मठ मित्र हल्ली एका पतसंस्थेत आहे. डोक्यावर केस नाहीत. ते त्यानं कापले नाहीत, स्वतःहून गेले. स्वीडनच्या ओपेथ या बँडवर त्याची सगळ्यात मोठी खुन्नस, कारण २०११ मध्ये त्यांनी गुरगुरत गाणं सोडून सरळ गळ्यानं गायला सुरुवात केली. एवढी वर्षं त्यानं त्यांचं नाव घेतलं नाही. २०२४ च्या अल्बममध्ये गुरगुर परत आली, तशी मी मोठ्या उत्साहानं त्याला धक्क्यावर बोलावून कानाला हेडफोन लावला. डोळे मिटून त्यानं पूर्ण गाणं ऐकलं. मग हेडफोन काढून, नीट घडी घालून माझ्या हातात दिला.

"पूर्वीसारखं गुरगुरत नाही रे," तो म्हणाला.