मोर छापलेली टाइल

दिल्लीत घरमालक दुरुस्तीकडे ढुंकून पाहत नसेल, तर भाडेकरूने ती स्वतः करावी आणि खर्च भाड्यातून कापावा, अशी सोय १९५८च्या भाडे नियंत्रण कायद्यात आहे. मर्यादा वर्षाच्या भाड्याचा बारावा हिस्सा. करोल बागेतले आमचे मामा महिना ८० रुपये भाडे भरतात, तेव्हा त्यांना वर्षाला ८० रुपयांची दुरुस्ती हक्काने करता येते. एवढ्यात गवंडी जिना चढून येतो, भिंतीकडे बघतो आणि चहा पिऊन उतरतो. चहाचीही पावती मामांनी फायलीत लावली आहे.

घर राहण्याजोगेच उरले नसेल, तर कायदा उदार होतो. रेंट कंट्रोलरकडे अंदाजपत्रक द्या, परवानगी मिळवा, मग वर्षाच्या निम्म्या भाड्यापर्यंत, म्हणजे ४८० रुपये कापा. तीस हजारी कोर्टात जाऊन झेरॉक्स काढेपर्यंत त्यातले बरेचसे संपतात.

लालाजींच्या, म्हणजे घरमालकांच्या वाट्याला कलम ७ आले आहे. घरात सुधारणा केली, की खर्चाच्या १० टक्क्यांपर्यंत वार्षिक भाडे वाढवता येते. लाखाचे न्हाणीघर बांधा, महिन्याचे ८० रुपये थेट ९१३ होतात. मात्र सजावट आणि नेहमीची दुरुस्ती यात धरायची नाही, शिवाय भाडेकरूची किंवा कंट्रोलरची लेखी संमती हवी. म्हणजे स्वतःचे भाडे अकरापट करणाऱ्या कागदावर मामांनी हसतमुखाने सही करायची.

खरी लढाई फरशीवर आहे. कोबा काढून टाइल बसवली, ही लालाजींच्या मते सुधारणा. कोबा उखडलाच होता, म्हणून मामांच्या मते दुरुस्ती. टाइलवर मोर छापलाय, म्हणून सजावटसुद्धा. वकिलांच्या मते पुढची तारीख.

बिले मागितली, की लालाजी खोकतात. चावडी बाजारात दुकानदाराने विचारले होते, ‘कच्चा या पक्का?’ पक्क्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणून त्यांनी बाणेदारपणे कच्चे बिल घेतले. गुलाबी चिठोऱ्यावर ‘सामान’ हा एकच शब्द आणि खाली आकडा. सरकारपासून लपवलेला हा खर्च आता सरकारी कचेरीतच सिद्ध करायचा आहे.

नोएडा-गुरुग्रामच्या टॉवरवाल्यांनी हसू नये. त्यांचा करार अकरा महिन्यांचा आणि रंगकाम त्यांच्याच डिपॉझिटमधून. जुन्या कायद्याचा घोळ मिटवायला संसदेने १९९५मध्ये दिल्लीसाठी नवा भाडे कायदा केला होता, राष्ट्रपतींची सहीही झाली. जुन्या भाड्यात दुकाने थाटलेल्या व्यापाऱ्यांनी कल्ला केला, आणि अधिसूचना काही निघाली नाही. कायद्याचे बिल अगदी पक्के होते, तरी ही गत.

महिना ३,५००च्या वर भाडे असलेल्या जागेला जुना कायदा लागू नाही, हे कळल्यापासून लालाजींना सुधारणेचा ध्यास लागला आहे. जकूझीसकट सव्वाचार लाखांचे अंदाजपत्रक त्यांनी मामांकडे संमतीसाठी पाठवले. मामांनी त्यावर शेरा मारला: ‘छत गळते, आधी ते बघा.’

लालाजींचे लेखी उत्तर आले: ‘ते दुरुस्तीत मोडते.’