मिस्त्री

इंजिन बंद पडलं की मिस्त्री इंजिनाकडे बघतसुद्धा नाही. "ह्याला हात कुणी लावला हुता?" असं खड्या आवाजात विचारतो. जनरेटरच्या खोलीतले सगळेजण हेल्परकडे बघू लागतात. हेल्पर काल रजेवर होता, हे कुणाच्या लक्षातच येत नाही.

शिरोलीच्या फाउंड्रीत जनरेटर म्हणजे दिव्या-पंख्यांची सोय नव्हे. लाइट गेली तरी भट्टीच्या कॉइलमधलं पाणी फिरत राहावं लागतं, नाहीतर कॉइल जळाली म्हणून समजा. त्यामुळे मॅनेजर येरझाऱ्या घालत असतो आणि मिस्त्री कॅन्टीनमधून गरम पाणी मागवतो. बॅटरीच्या टर्मिनलवर चढलेला हिरवट-पांढरा थर धुवायला. "निम्मी इंजनं बॅटरीपायीच मरत्यात, साहेब." खरंच, निम्म्या वेळा तेवढ्यावर भागतं. मग मिस्त्रीचा चेहरा पडतो.

त्याची खरी कळी खुलते ती टाकीच्या तळातलं डिझेल बाटलीत काढून उजेडात धरल्यावर, खाली पाण्याचा थर दिसला की. या इंजिनाचा जनक रुडॉल्फ डीझेल १९१३ साली इंग्लंडला जाणाऱ्या जहाजावरून समुद्रात नाहीसा झाला, असं मी त्याला एकदा सांगितलं होतं. "तरीच!" मिस्त्री म्हणाला, "डिझेलचं आन् पाण्याचं तवापासनं वाकडं हाय."

पाणी काढलं, फिल्टर बदलला, की हवा काढणं आलं. फिल्टरवरचा स्क्रू दोन आटे सैल करायचा आणि हातपंप दाबत राहायचं. आधी नुसती फुसफुस, मग फेस, मग एकेक चुकार बुडबुडा आणि शेवटी स्वच्छ, सलग धार. त्या धारेतच स्क्रू आवळायचा. हे चालू असताना मिस्त्रीशी बोलायचं नाही. मॅनेजरनेही नाही. एकदा मालक बोलले होते, तर त्यांनाही "जरा थांबा" ऐकून घ्यावं लागलं.

धुराच्या बाबतीत तो ज्योतिषी आहे. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. निळा म्हणजे इंजिन ऑइल पितंय. पांढरा धूर गार सकाळी चालतो, पण इंजिन तापल्यावरही राहिला आणि रेडिएटरचं पाणी उतरू लागलं, तर हेड गॅस्केट बघा. हे ज्ञान तो कामावरच ठेवून गेला असता तर बरं झालं असतं. पुतण्याच्या वरातीत डीजेच्या जनरेटरमागे उभा राहून त्याने एअर फिल्टर साफ करवून घेतला. तोवर नवरदेव घोड्यावर ताटकळला.

उसाला पाणी पाजणाऱ्या एका सिलिंडरच्या किर्लोस्कर इंजिनावर, हँडल मारत तो शिकला. त्यामुळे सहा सिलिंडरच्या इंजिनाचीही तो हजेरीच घेतो. चालू इंजिनात इंजेक्टरच्या पाइपाचा एकेक नट सैल करायचा. जो सैल करून आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर गैरहजर. नव्या कॉमन रेल इंजिनावर त्याने तोच पाना उचलला, तेव्हा सर्व्हिस इंजिनिअर किंचाळलाच. त्या पाइपात हजार बारच्या वर दाब असतो. डिझेलची धार कातडी फोडून आत शिरते. मिस्त्रीने पाना खाली ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी मनापासून "सर" म्हणाला.

लॅपटॉप जोडल्यावर स्क्रीनवर आलं, 'कूलंट कमी आहे.'

"हे तर मी नुसतं झाकण उघडून सांगितलं असतं," मिस्त्री.

"मग उघडलं का नाही?" इंजिनिअर.

त्यावर मिस्त्रीला तातडीने मावा आठवला.

एवढा गुणी माणूस, पण लॉगबुकशी त्याचं जन्माचं हाडवैर. कूलंटची पातळी, ऑइलचा दाब, तापमान, चालू तास, हे सगळं रोजच्या रोज लिहायचं असतं. मिस्त्री ते महिन्याच्या तीस तारखेला एका बैठकीत, एकाच पेनाने लिहितो. गेल्या महिन्यात ऑइल बदलताना सम्प खाली उतरवला होता आणि इंजिन दोन दिवस उघडं पडलं होतं. त्या दोन्ही दिवशी ऑइलचा दाब साडेचार, तापमान ब्याऐंशी, शेरा 'ओके'. खाली मॅनेजरची सही आहे.