चतुःसीमेबाहेरची ओल

जुन्या फ्लॅटच्या करारनाम्याला मिळकतीचं परिशिष्ट जोडलेलं असतं आणि त्यात चतुःसीमा लिहिलेल्या असतात. पूर्वेला रस्ता, पश्चिमेला बी विंग, दक्षिणेला नाला, उत्तरेला शेजारच्या सोसायटीची भिंत. ही पद्धत शेताला शोभून दिसते. शेताच्या वर आभाळ असतं, खाली काळी आई असते आणि दोघांपैकी कुणीही सोसायटीचं सभासद नसतं. चौथ्या मजल्यावरच्या वन बीएचकेला मात्र सहा बाजू असतात. त्यातल्या चार करारात येतात आणि उरलेल्या दोन घराचा ताबा मिळाल्यावर येतात. एजंट ज्याला ‘थोडंसं काम आहे, बाकी घर मस्त’ म्हणतो, ते काम बहुतेक वेळा याच दोन बाजूंचं असतं.

हा दोष एकट्या कराराचा नाही. घराच्या व्यवहारात शिक्का मारणाऱ्या प्रत्येकाचीच मान आखडलेली आहे. मुंबईतल्या जुन्या इमारतीतलं ७० लाखांचं घर घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं बँक जास्तीत जास्त ८० टक्के, म्हणजे ५६ लाख देणार. १४ लाख पदरचे. मुद्रांक शुल्क ६ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार. नोंदणीचे ३० हजार. आणि बँक या दोन्हींना घराची किंमत मानत नाही, म्हणून तेही पदरचेच. सोसायटीचं हस्तांतरण अधिमूल्य २५ हजारांपर्यंत, एजंटचा एक टक्का. साडेएकोणीस लाख खिशातून गेले आणि अजून बाथरूमचा दरवाजा कुणी उघडलेला नाही. रेडी रेकनर इमारतीचं वय विचारतो, प्रकृती विचारत नाही. आयकर खात्याची माया तर आणखी मोजूनमापून. जुन्या करप्रणालीत स्वतः राहायचं घर विकत घेण्यासाठी काढलेल्या कर्जाच्या व्याजावर वर्षाला २ लाखांपर्यंत वजावट मिळते, दुरुस्तीच्या कर्जावर ३० हजार, आणि हे ३० हजार त्या २ लाखांच्या पोटातलेच. म्हणजे घर घेणं हे राष्ट्रकार्य, आणि ते राहण्याजोगं करणं ही हौस.

आता तो बाथरूमचा दरवाजा उघडू. छताला, नेमका वरच्या घरातल्या नहाणी ट्रॅपच्या खाली, चहा सांडल्यासारखा डाग असतो. विकण्याआधी त्यावर पांढरा हात मारलेला असतो, पण डागाची कड पिवळसर होऊन वर येतेच. बोटानं ठोकलं की प्लास्टर पोकळ वाजतं. गवंडी छिन्नी लावतो, पापुद्रा पडतो आणि गंजलेली सळई दिसते. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, म्हणून तो आतून काँक्रीट फोडत येतो. रंग, पुट्टी, पीओपी हे सगळं त्याच्यापुढे पावडर-कुंकू. खरा इलाज वरच्या घरात आहे: तिथली फरशी उचलायची, जुना कोबा फोडायचा, ट्रॅप बदलायचा, नवं वॉटरप्रूफिंग करायचं. आणि वरचे काका दारात उभं राहून शांतपणे सांगतात, ‘आमच्याकडे तर सगळं कोरडं आहे.’ खोटं नसतंच ते. पाणी खाली जातं, म्हणूनच तर वर कोरडं असतं. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीची आणि बाहेरच्या भिंतींची गळती सोसायटीनं बघायची. दोन घरांमधली गळती दोन सभासदांनी आपसात मिटवायची. ‘आपसात’ या शब्दाच्या आधारावर मुंबई-ठाण्यात अनेक छतं वर्षानुवर्षं टिकून आहेत.

यावर कुणी कायदा दाखवेल, आणि तो आहेही. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा विकणाऱ्याला बजावतो की, तुला ठाऊक असलेला महत्त्वाचा दोष खरेदीदाराला सांग. मात्र खरेदीदारानं साधी काळजी घेतली असती तर त्याला दिसलाच असता, असा दोष सांगायला विकणारा बांधील नाही. त्यामुळे घरं मे महिन्यात दाखवली जातात. भिंती कडकडीत, रंग ताजा, वास डिस्टेंपरचा. पावसाळ्यात घर बघावं हा सल्ला शहाणा आहे, पण जुलैपर्यंत टोकन दुसऱ्याच कुणाचं तरी पडलेलं असतं. नव्या घराला रेरानं पाच वर्षांची दोष-जबाबदारी बिल्डरच्या गळ्यात बांधली आहे. तीस वर्षांच्या इमारतीत ती कुणाच्या गळ्यात बांधणार? स्ट्रक्चरल ऑडिट मागा, असंही म्हणतात. उपविधींत आहे ते: पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी, त्यापुढे दर तीन वर्षांनी. सोसायटीच्या ऑफिसात विचारलं की उत्तर मिळतं, ‘विषय जनरल बॉडीत घेतलाय.’

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. बांधकाम चालू असलेल्या घरावर ५ टक्के जीएसटी असतो, जुन्यावर नाही. ७० लाखांवर साडेतीन लाख वाचले, त्यात काम करा की! हिशेब बरोबर आहे, फक्त हे वाचलेले पैसे कुठल्याही खात्यात जमा होत नाहीत. ते ‘खर्च झाले नाहीत’ इतकंच. काँट्रॅक्टरला ॲडव्हान्स मात्र खर्चायच्या पैशांतूनच द्यावा लागतो, आणि घर फोडलेलं असताना जुन्या घराचं भाडं नि नव्या घराचा हप्ता हातात हात घालून येतात. दुरुस्तीचं कर्जही मिळतं, हे खरं. बँक त्यासाठी एस्टिमेट मागते. एस्टिमेट फरशी उचलायच्या आधी करतात आणि खर्च उचलल्यानंतर कळतो.

सगळ्यात देखणा युक्तिवाद रिडेव्हलपमेंटचा. इमारत लवकरच पाडणार, मग काम कशाला करता, असं शेजारी विचारतात. इमारत लवकरच पाडणार म्हणूनच भाव हा, असं विकणारा सांगतो. २०१९ च्या शासन निर्णयानं ५१ टक्के सभासदांची संमती पुरते, पण ते एक्कावन्नावे गृहस्थ बहुधा वरचे काकाच असतात. त्यामुळे खरेदीदार पैसे येणाऱ्या टॉवरचे मोजतो आणि आंघोळ आहे त्या इमारतीत, डागाखाली करतो.

तेव्हा मागणी माफक आहे. परिशिष्टात पूर्व-पश्चिमेबरोबर ‘वर’ आणि ‘खाली’ असे दोन रकाने घालावेत, आणि वरच्या रकान्यात ट्रॅप शेवटचा कधी बदलला ते लिहावं. वकील म्हणतील, याला कुणी सही करणार नाही. खरेदीदारसुद्धा कदाचित करणार नाही. त्यानं आपली फरशी उचललेली असते, बिगाऱ्यानं घण घालून कोबा फोडलेला असतो, नव्या टाइल्स बसलेल्या असतात, आणि तिसऱ्या आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या वहिनी मोबाइलमध्ये आपल्या छताचा फोटो घेऊन वर आलेल्या असतात. तो दारातच उभा राहतो, एकवार मागे वळून आपल्या चकचकीत बाथरूमकडे बघतो आणि अगदी प्रामाणिकपणे म्हणतो, ‘आमच्याकडे तर सगळं कोरडं आहे.’