बिचारा सर्व्हर

महाड असो की पोलादपूर, दाखल्याच्या रांगेत एकच घोष: 'सर्व्हर डाऊन आहे.' बिचाऱ्या सर्व्हरची बाजू कोणी ऐकतच नाही; चूक त्याला विचारणाऱ्याचीही असू शकते. कॅसँड्रासारख्या वितरित डेटाबेसमध्ये कोणती नोंद कुठल्या नोडवर, म्हणजे कुठल्या सर्व्हरवर, हे पार्टिशन-कीच्या हॅशवरून ठरतं. ते जाणणारी क्लायंट लायब्ररी, म्हणजे ड्रायव्हर, थेट तिथेच विचारते. न जाणणारी भेटेल त्या नोडला गाठते. तो बापडा प्रश्न पुढे योग्य नोडकडे धाडतो. पोलादपूरला जायचं, आणि महाडहून माणगावची एसटी धरायची! त्यात काही शहाणे प्रत्येक प्रश्नाला नवं कनेक्शन उघडतात. तरी निविदा निघते ती नव्या सर्व्हरचीच. बरोबर आहे. कॅसँड्राचा ड्रायव्हर फुकट मिळतो, आणि फुकटच्या वस्तूसमोर फीत कापता येत नाही.