खैबरखिंड, मुक्काम वेल्स

विनोदी सिनेमाचा थोर दिग्दर्शक कोण, असं विचारलं की जाणकार मंडळी चॅप्लिनचं नाव घेऊन डोळे मिटतात. माझं मत मात्र जेराल्ड थॉमसला. त्याने निर्मात्याचा पैसा कधी उडवला नाही, आणि वापरलेल्या पाकिटांच्या कोऱ्या बाजूवर गणितं सोडवत वाढलेल्या माझ्यासारख्याला यापरतं थोरपण ठाऊक नाही.

इंग्लंडातल्या हल शहरात १९२० साली जन्मलेला हा गृहस्थ डॉक्टर व्हायला निघाला होता. महायुद्ध आडवं आलं. परतल्यावर तो चित्रपटांच्या संकलनात शिरला आणि ऑलिव्हिएच्या 'हॅम्लेट'वर सहायक म्हणून राबला. इतके मुडदे पडताना रोज पाहिल्यावर माणूस विनोदाकडे वळेल नाहीतर काय! १९५८ साली निर्माता पीटर रॉजर्सबरोबर त्याने 'कॅरी ऑन सार्जंट' काढला. १९७८ पर्यंत 'कॅरी ऑन' मालिकेतले ३० चित्रपट झाले, दिग्दर्शक सगळ्यांचा हाच. त्यातले चार इस्पितळातले. वैद्यकीची हौस त्याने अशी भागवून घेतली.

एलिझाबेथ टेलरच्या 'क्लिओपात्रा'चा संसार पाइनवूड स्टुडिओतून रोमला हलला आणि सेट मागे राहिले. थॉमसने त्यातच 'कॅरी ऑन क्लिओ' उरकला. शेजारच्यांच्या लग्नाच्या मांडवात आपल्या बंड्याची मुंज लावावी तसा. पोस्टरही इतकं मिळतंजुळतं, की 'क्लिओपात्रा'वाली फॉक्स कंपनी कोर्टात गेली. 'कॅरी ऑन कॅम्पिंग'मधला रम्य उन्हाळा तर ऑक्टोबर-नोव्हेंबरातला. स्टुडिओमागच्या बागेतल्या चिखलावर हिरवा रंग मारला आणि नट्यांना बिकिनीत उभं केलं. १९६९ साली इंग्लंडात या चित्रपटाने गल्ला मात्र दणकून जमवला.

सहारा वाळवंट त्याला ससेक्सच्या किनाऱ्यावर सापडलं, खैबरखिंड वेल्सच्या डोंगरात. ही खिंड ज्यात आहे त्या १९६८ च्या 'कॅरी ऑन अप द खैबर'चा शेवट मी कितीदाही पाहीन. गव्हर्नरच्या बंगल्यावर तोफा धडाडताहेत, छताचा गिलावा ताटात पडतोय, आणि साहेब मंडळी काळ्या सुटात शांतपणे जेवताहेत. वाद्यवृंदही वाजतोच आहे. घाबरतो तो एकटा पाद्री, तेव्हा पंगतीत शहाणा तोच. साम्राज्य म्हणजे काय प्रकरण होतं, हे इतिहासाच्या जाडजूड ग्रंथांपेक्षा मला या जेवणावळीतून जास्त कळलं.

बाकी विनोद म्हणाल, तर पहिल्या चित्रपटात जे चावट होते तेच पुढे आणखी चावट झाले. आणि काटकसरीची एक बाजू मलाही गिळवत नाही. सिड जेम्स, केनेथ विल्यम्ससारख्या नटांना चित्रपटामागे सुमारे ५,००० पौंड, तेही वर्षानुवर्षं तेवढेच. नट्यांना त्याच्या निम्मे.

१९९२ साली, सत्तरी ओलांडल्यावर, त्याने 'कॅरी ऑन कोलंबस' काढला. जुने गडी बरेचसे निवर्तले होते. त्याच वर्षी कोलंबसावर आणखी दोन अवाढव्य चित्रपट आले होते. आपटले तिन्ही. पण सगळ्यात स्वस्तात आपटला तो आमच्या थॉमसचा.