साडेसात फूट

फोटोग्राफीतले साधुपुरुष सांगतात, की माणसाने एकच लेन्स घ्यावी आणि वर्षभर तीच वापरावी. झूम नको, बॅग नको. जवळचं हवं असेल तर दोन पावलं पुढे जावं, सगळं हवं असेल तर दोन पावलं मागे यावं. उपदेश उत्तम आहे. फक्त तो देणाऱ्यांच्या पाठीमागे मोकळी जागा असते. आमच्या उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये दोन पावलं मागे आलं, की दुसरं पाऊल कुणाच्या तरी वाळत घातलेल्या पापडांवर पडतं.

माझ्याकडे झोर्की-४ आहे. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात १९५६ ते १९७३ या काळात हे मॉडेल तयार झालं. घराणं सांगायचं तर, झोर्की मुळात फेड या कॅमेऱ्याबरहुकूम बनली, फेड ही जर्मन लायकाची नक्कल, आणि माझ्या झोर्कीवरची ज्युपिटर-८ ही पन्नास मिलिमीटरची लेन्स म्हणजे लुडविग बेर्टेलेने झाईससाठी आखलेल्या सोनारची रशियन आवृत्ती. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद ज्या गावाने जगाला दिला आणि स्वतःही हसून पचवला, त्या गावात अशा कॅमेऱ्याला परकं वाटण्याचं कारणच नाही. बाजारात याच रशियन कॅमेऱ्यांवर लायकाचं नाव कोरून, वर सोनेरी मुलामा चढवून विकणारेही आहेत. माझा निदान स्वतःच्या नावाने नक्कल आहे.

झोर्कीसारख्या रेंजफाइंडर कॅमेऱ्याची मूळ गंमत अशी, की त्यात लेन्समधून दिसतच नाही. शेजारी एक छोटी खिडकी असते, तिच्यातून पाहायचं. खिडकीच्या मध्यभागी दोन प्रतिमा दिसतात. लेन्स फिरवून त्या एकमेकींवर बसवायच्या. आमच्या आत्याला आधी दोन नाकं असतात. एक नाक हळूहळू सरकवत दुसऱ्यावर नेऊन ठेवलं, की आत्या फोकसमध्ये आली. तोवर ती “झालं का रे?” असं विचारते आणि नाक पुन्हा हलतं. लेन्सवर झाकण तसंच राहिलं तरी खिडकीतून जग लख्ख दिसत राहतं, त्यामुळे छत्तीसच्या छत्तीस फोटो काळे काढूनही मनुष्य प्रसन्न असतो. आणि एक मीटरच्या आतलं काही हा कॅमेरा जुळवून देत नाही. आमच्या घरात दोन माणसांत एक मीटर अंतर फक्त अबोला असताना पडतं, आणि तेव्हा फोटो काढून कोण घेणार?

तर प्रश्न असा, की एकच ठेवायची तर पन्नास की पस्तीस? हा मिलिमीटरचा आकडा म्हणजे फोकल लेंथ. आकडा मोठा तेवढं चित्र जवळचं आणि अरुंद, लहान तेवढं रुंद, एवढंच त्यातलं शास्त्र. पण सल्ले शास्त्रापेक्षा रुंद असतात. आमच्या भागात निम्म्या लोकांची लग्नं ज्यांनी काढली ते स्टुडिओवाले मामा म्हणाले, “पन्नासने नवरदेव येतो, पस्तीसने वऱ्हाड येतं. पैसे कोण देणार आहे ते बघायचं.” सौभाग्यवतींनी आपला मोबाईल उलटा करून दाखवला. “अहो, याला मागे तीन लेन्स आहेत. मी बसले होते का निवडत? आल्या.” आत्याचं मत पन्नासच्या बाजूने पडलं, कारण पस्तीसने तिचं नाक वाढतं असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. नाक लेन्सने वाढत नाही, माणूस फार जवळ गेल्याने वाढतं. पस्तीस फक्त जवळ जायला भाग पाडते. हे मी तिला समजावलं. “म्हणजे नाक वाढतंच ना?” ती म्हणाली.

पन्नासवाले लोक शेवटचा हुकूम म्हणून आँरी कार्तिए-ब्रेसाँचं नाव टाकतात. तो जवळजवळ सगळं आयुष्य लायका आणि पन्नास यांवर जगला, हे खरं आहे. १९४७ साली तो आपल्याकडे आला, कुरुक्षेत्राच्या निर्वासित छावणीत हात उंचावून व्यायाम करणाऱ्या माणसांचा त्याचा फोटो जगभर गेला. फोटो थोरच आहे. पण कुरुक्षेत्र बघा! अठरा अक्षौहिणी मावलेलं मैदान ते. तिथे पन्नास काय, काहीही चालेल. आमचीही निर्वासितांचीच छावणी. महायुद्धात लष्कराने कल्याणजवळ बांधलेल्या बराकींत सिंधहून आलेली कुटुंबं राहिली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींनी पायाभरणी करून तिचं उल्हासनगर केलं. मात्र साहेबांनी बराक मोकळी बांधली होती, माणसांनी ती भरली. आधी आडोसा आला, मग ओटा, ओट्यावर पत्रा, पत्र्यावर माळा. प्रत्येक पिढी एकेक पाऊल पुढे आली आणि मधली गल्ली तेवढी आकसली. १९४९ साली ती पन्नासची असणार. आजोबांच्या काळात पस्तीसची झाली असेल. नातवंडं कर्तबगार निघाली तर अठ्ठावीसवर येईल.

हे नुसतं बोलून सिद्ध होत नाही, म्हणून मोजायला निघालो. गणित सोपं आहे. फिल्मवरची चौकट छत्तीस मिलिमीटर लांब. साडेपाच फुटी माणूस नखशिखान्त उभ्या चौकटीत घ्यायचा तर पन्नासला साडेसात फुटांहून थोडं जास्त अंतर लागतं, पस्तीसला साडेपाचाच्या आत, अठ्ठावीसला सव्वाचार. शिवाय कॅमेऱ्यामागे माझं डोकं मावलं पाहिजे ते वेगळं. शेजारी जीन्स शिवायचं काम चालतं, त्यांच्याकडून टेप आणली. झोर्कीच्या खिडकीत पन्नासपुरतंच दिसतं, इतर लेन्ससाठी वर वेगळा व्ह्यूफाइंडर बसवावा लागतो. तो फिरता रशियन व्ह्यूफाइंडर मी बोरा बाजारातून आधीच आणून ठेवला होता. त्याचं तोंड फिरवलं की अठ्ठावीस, पस्तीस, पन्नास, पंच्याऐंशी आणि एकशे पस्तीस, पाचही लेन्सचं जग दिसतं. म्हणजे एकही न विकत घेता.

मराठा सेक्शनच्या गल्लीत एक माणूस डोळ्याला लोखंडी नळी लावून घरांकडे बघतोय आणि दुसऱ्या हाताने टेप लावतोय, या दृश्याचा उल्हासनगरात एकच अर्थ होतो. इथल्या ८५५ बेकायदा इमारतींचं प्रकरण हायकोर्टात गाजलं, त्या नियमित करायला २००६ साली वेगळा कायदा आला. टेपची दहशत इथे पोरांना बाळकडूतून मिळते. दोन शटर खाली आली. एकाने ओट्यावरची कुंडी आत घेतली, जणू ओटा कुंडीमुळेच पुढे आला होता. कोपऱ्यावरचे काका जवळ आले.

“साहेब, काय मोजताय?”

“फोकल लेंथ.”

काकांनी मागे वळून गल्लीला सांगितलं, “फोकलवाले आलेत.” मग आवाज खाली आणून मला विचारलं, “आमचा ओटा फोकलमध्ये जातो का?”

मी नळीतून बघितलं. “पन्नासमध्ये कापला जातोय. पस्तीसमध्ये पूर्ण बसतो.”

“मग पस्तीसच धरा ना साहेब,” ते हात जोडून म्हणाले. “लहान माणसाला सांभाळून घ्या.”

माझ्यासाठी बिनसाखरेचा चहा आला. साहेब लोकांना साखर असते असा इकडे समज आहे. गल्ली सहा फूट भरली.

मग नळीचा नादच लागला. सकाळच्या गाडीत अठ्ठावीसवरही समोरच्याची फक्त मिशी येते. डब्यासाठी रशियनांनी काही बनवलेलं नाही. विठ्ठलवाडीचा फलाट पस्तीसचा. अंबरनाथला उतरून शिवमंदिरापाशी गेलो. १०६० सालचं हे मंदिर शिलाहारांच्या काळातलं, आणि त्या शिल्पकारांनी दगडाचा हातभर भाग कोरा सोडलेला नाही. सबंध देऊळ एका चौकटीत कोंबण्यापेक्षा पन्नास लावून एकेक भिंत निवांत बघावी असं तिथे वाटतं. बदलापूर पूर्वी पंच्याऐंशीचं गाव होतं. गच्चीवरून सरळ डोंगरांची रांग दिसायची, मध्ये कुणी येत नसे. आता मध्ये टॉवर आलेत, आणि ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ असं लिहिलेले बोर्ड निसर्गाच्या नेमके पुढे आहेत. एकशे पस्तीससाठी कर्जतपर्यंत जावं लागेल. तेवढी मोकळी जागा मला सोसेल का, याची शंका आहे. माझा तर साधा रिकामा डबा बघूनही जीव घाबरतो. वाटतं, गाडी कारशेडला चाललीये.

एकूण पस्तीसच. त्यासाठी ज्युपिटर-१२ घ्यायची, तीही झाईसच्याच बिओगॉनवरून उचललेली. तिचा मागचा भिंगाचा फुगा कॅमेऱ्यात इतका आत शिरतो, की टेबलावर ठेवताना ती त्या काचेवरच बसते. बोरा बाजारातल्या दुकानदाराने किंमत सांगितली. मी घरी सांगितली. सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत. भाचीच्या लग्नात द्यायच्या स्टीलच्या डब्यांची पिशवी तेवढी पुढे केली. “आधी यांच्यावर नावं घालून आणा.”

भांड्यांवर नावं घालणारा आमच्या नाक्यावर बसतो. यंत्र कर्रर्र करत होतं आणि माझ्या गळ्यात झोर्की होती, तेव्हा त्याने विचारलं आणि मीही सगळं सांगून टाकलं: साडेसात फूट, सहा फुटी गल्ली, पन्नास, पस्तीस, आणि किंमत. त्याने यंत्र थांबवलं. लेन्स हातात घेऊन पुढच्या कड्यावरून अंगठा फिरवला.

“हे पन्नास पुसून पस्तीस घालून देतो की,” तो म्हणाला. “दोन अक्षरं, वीस रुपये. खाली ‘जर्मनी’ टाकायचं का? तीन होतील.”