खंड्याचं थोबाड आणि आळीचे वैद्य

"काय गं, तुमच्या खंड्याला म्हणे गालगुंड झालेत?"

काकूंनी कुरडयांवरची नजर न काढता कुंपणापलीकडून विचारलं. एका हातात कावळे हाकायची काठी, दुसऱ्या हातात चहाचा कप. वाईतल्या आमच्या आळीत बातमीला पाय फुटायला दूधवाल्याची एक फेरी पुरते.

"गालगुंड कसले काकू! मधमाशी चावली. शेवग्याखाली फुलांचा हा सडा पडलाय, त्यात माश्या घोंघावत होत्या. हा गेला तिथे नाक खुपसायला. घटकाभरात वरचा ओठ पुरीसारखा टम्म फुगला आणि एक डोळा मिटला."

"तरीच! दूधवाला म्हणाला, कुणी तरी दगड मारला. इस्त्रीवाला म्हणाला, साप चावला. आणि कोपऱ्यावरच्या आजी तर कुत्रं पिसाळलंय म्हणून नातवाला घरात कोंडून बसल्यात."

"अहो, पिसाळलं काय! तो आत्ता भाकरी खाऊन झोपलाय."

"मग मला नीट सांग बाई सगळं. आता आख्ख्या आळीला मलाच सांगत बसायचंय."

मी सांगायला लागले. खंड्या केकाटला तशी अर्धी आळी फाटकाशी जमली. प्रत्येकाच्या हातात काही तरी औषध. पानवाल्याने चुन्याची डबी आणली. वरच्या मजल्यावरच्या मावशी कांदा कापूनच आल्या. भाडेकरूंच्या मुलाने टूथपेस्ट आणली. एकजण म्हणाला, लोखंडी किल्ली घासा. आमचे हे सोडा कालवायला स्वयंपाकघरात पळाले ते सोड्याचा डबा कुठे आहे हे विचारायलाच तीनदा बाहेर आले. आणि ज्यांच्याकडे औषध नव्हतं त्यांनी फोटो काढून आळीच्या ग्रुपवर टाकले.

"मग लावलंस काय शेवटी?"

"काहीच नाही. तेवढ्यात नाना आले ना तुमच्याकडून."

नाना म्हणजे काकूंचे धाकटे दीर. पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक होते. उभी नोकरी गाई-म्हशींच्या गोठ्यात गेली. निवृत्तीनंतरही आळीतलं कुठलंही जनावर शिंकलं तरी लोक आधी नानांना हाक मारतात. आपलं नाव ऐकून ते पेपरासकट ओट्यावरून उठून कुंपणाशी आले.

"भाऊजी, ही म्हणते तुम्ही चुना लावू दिला नाहीत. आमच्या आईने जन्मभर चुनाच लावला हो आम्हाला."

"तुम्ही चाटत होता का वहिनी तो चुना? कुत्रं चाटणार. ओठावर लावलेला चुना दोन मिनिटांत जिभेवर जातो आणि तोंड भाजतं. डोळ्यात गेला तर आणखी वाईट."

"बरं, कांदा?"

"कांदा कुत्र्याच्या पोटात जाऊच नये. कच्चा काय, शिजलेला काय. त्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. सूज उतरवायला कांदा आणि मग कांद्यासाठी डॉक्टर, हा कुठला उपचार?"

"आणि सोडा? तो तरी चालतो ना?" मी विचारलं, कारण आमच्या घरात त्या डब्यावरून अजून धुसफूस चालू होती.

"मधमाशीला सोडा, गांधीलमाशीला व्हिनेगर, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. पण विष सुईने टोचल्यासारखं कातडीच्या आत गेलेलं असतं. वरून लेप लावून ते कसं मरणार? त्यातून कुत्र्याच्या अंगावर केस. लेप केसांवर आणि विष आत. पहिलं काम काटा काढायचं."

ते मात्र नानांनी आल्या आल्या केलं होतं. खंड्याचं डोकं मला मांडीशी धरायला लावलं, ओठाशी काळा ठिपका दिसला तो नखाने खरवडून बाहेर काढला.

"पण चिमट्याने धरायचा नाही म्हणतात ना? पिशवी दाबली जाऊन उरलेलं विष आत जातं?"

"ऐकलंय मीही. पण मधमाशीच्या काट्याला उलटे दात असतात. ती उडते तेव्हा काटा, विषाची पिशवी आणि ती पिशवी चालवणारे स्नायू असं सगळं मागे तुटून राहतं. माशी मरते, पण ती पिशवी आपली आपण विष आत ढकलत राहते. 1996 साली लॅन्सेटमध्ये याच्यावर लेख आला होता. माणसाच्या हातावर डंख घेऊन त्यांनी गांधी मोजल्या. खरवडून काढा नाही तर चिमटीत धरून काढा, गांधी सारखीच. काही सेकंद उशीर झाला की मात्र मोठी. म्हणजे बँकेचं कार्ड शोधायला घरात पळू नये. नख आहे ना? नख वापरावं."

"मला एक माहितीय," काकूंनी काठी आपटून एक कावळा उडवला. "माझं माहेर महाबळेश्वरकडचं. वडिलांच्या पेट्या होत्या सातेरी माश्यांच्या. ते म्हणायचे, पेट्यांपाशी केळं खाऊन जाऊ नका, माश्या चवताळतात."

"अगदी बरोबर म्हणायचे. डंख मारला की तिथून एक वास सुटतो. बाकीच्या माश्यांना तो सांगतो, इथे शत्रू आहे. पिकल्या केळ्यातही तोच पदार्थ असतो. म्हणून एक माशी चावली की कुत्र्याला आधी तिथून हलवायचं. मग काटा, मग बर्फ. बर्फ फडक्यात गुंडाळून दहा मिनिटं धरायचा, थोडं थांबून पुन्हा. नुसता बर्फ कातडीवर दाबायचा नाही."

"काटाच सापडला नाही तर?"

"तर बहुधा गांधीलमाशी असेल. तिचा काटा जवळजवळ गुळगुळीत. ती काटा सोडत नाही, पुन्हा पुन्हा मारते. तिथे शोधाशोध करायची नाही, पळायचं."

आमचे हे तेवढ्यात दारात डोकावले. "नाना, ताप-दुखीची गोळी अर्धी देऊन टाकू का? रात्री कण्हत होता."

"अजिबात नाही!" नानांचा आवाज एवढा चढला की खंड्यानेही एक डोळा उघडला. "पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, माणसाची कुठलीच वेदनाशामक गोळी नाही. कुत्र्याचं यकृत, पोट, मूत्रपिंड पणाला लागतं. मांजराला तर पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा जीव घेऊ शकते. ॲलर्जीची गोळी कधी कधी देतात, पण ती डॉक्टरांना फोन करून, वजन सांगून. आणि त्यातही सर्दीची मिश्र गोळी नको, तिच्यात इतर भानगडी असतात."

हे मुकाट्याने आत गेले. सोड्याचा डबा ठेवल्याचा आवाज आला.

काकूंनी कप कट्ट्यावर ठेवला. आता खऱ्या गप्पा सुरू होणार हे मी ओळखलं. "भाऊजी, ते गंगापुरीतल्या पगचं खरं काय झालं होतं? त्या बाई अजून सांगतात, कुत्र्याला ऊन लागलं होतं."

"कुठला पग? तो हिवाळ्यात स्वेटर घालतो तो?" मी विचारलं.

"तोच. त्याच्या खोलीला एसी आहे म्हणे, आणि घरातले आजोबा पंख्याखाली."

नाना हसले, पण लगेच गंभीर झाले. "ऊन नव्हतं लागलं. त्यालाही मधमाशीच चावली होती, पंजाला. आणि गंमत अशी की सूज काहीच नव्हती. तोंड छान, डोळे छान. म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. थोड्या वेळाने तो ओकला. बाई म्हणाल्या, शिळं खाल्लं असेल. मग पातळ शी झाली. मग पाय लुळे पडले आणि फरशीवर आडवा झाला. तेव्हा लिंबूसरबत पाजायला निघाले होते."

"अगं बाई!"

"मी सहज पेपर द्यायला गेलो होतो. ओठ वर करून पाहिला तर हिरड्या पांढऱ्याफटक. म्हटलं, सरबत ठेवा आणि गाडी काढा. डॉक्टरांनी गेल्या गेल्या ॲड्रेनलिन दिलं, सलाईन लावलं, रात्रभर ठेवून घेतलं. वाचला."

"म्हणजे सूज नसताना जास्त धोका?" मला ते पटेना.

"सूज असो नसो, तो प्रश्नच वेगळा. माणसाला ॲलर्जीचा मोठा झटका येतो तेव्हा आपण घसा आणि श्वास बघतो. कुत्र्यात तो झटका बरेचदा यकृतावर आणि आतड्यांवर उतरतो. म्हणून आधी ओकारी, जुलाब, मग एकदम गळून जाणं. लोक सुजलेलं तोंड बघून घाबरतात आणि ओकारी बघून जेवणाला दोष देतात. घाबरायचं कुठे हेच उलटं धरतात. बहुतेक वेळा हे चावल्यावर अर्ध्या तासाच्या आत दिसतं, कधी काही तासांनीही. म्हणून तुमच्या खंड्याला मी काल संध्याकाळपर्यंत नजरेसमोर ठेवायला सांगितलं, आणि आजचा दिवसही लक्ष ठेवा म्हटलं."

"हिरड्या बघायच्या म्हणजे नेमकं काय?"

नानांनी खंड्याला हाक मारली. तो शेपूट हलवत आला, एक डोळा अजून अर्धा मिटलेला. नानांनी सुजलेली बाजू सोडून दुसरीकडचा ओठ उचलला, हिरडी अंगठ्याने दाबली आणि सोडली. पांढरा ठसा उमटला आणि लगेच गुलाबी झाला.

"दोन सेकंदांच्या आत रंग परत आला पाहिजे. उशीर लागला, किंवा हिरडी मुळातच फिकट दिसली, तर वाट बघायची नाही. काही कुत्र्यांच्या हिरड्या जन्मतः काळ्या असतात, त्यांची खालची पापणी ओढून आतला रंग बघायचा. आणि दुखणाऱ्या कुत्र्याच्या तोंडाशी जपून, आपलं म्हणून लाडकंसुद्धा चावतं."

"आणि माशी तोंडातच चावली तर? आमचा पूर्वीचा मोती माश्या हवेत पकडून गिळायचा."

"जीभ, घसा, टाळू असेल तर सूज बाहेर दिसणार नाही, पण श्वास अडू शकतो. लाळ गळतेय, गिळता येत नाही, घरघर ऐकू येतेय, की निघायचं. वाटेत तोंडात काही घालायचं नाही, तोंड बांधायचं नाही. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना आधीच श्वासाला जागा कमी, त्यांच्या बाबतीत तर आणखी घाई. दवाखान्यात आधी फोन करायचा, म्हणजे ते तयार राहतात."

"फोन म्हणजे 1962?"

"तो सरकारी फिरत्या पथकाचा टोल-फ्री नंबर, मुख्यतः गाई-गुरांसाठी. असावा जवळ. पण कुत्र्याच्या डॉक्टरांचा, रात्री उचलतात तो नंबर वेगळा लिहून ठेवा."

काकूंनी कुरडया उलटायला घेतल्या, तोंड मात्र चालूच. "परवा माझा भाचा पांडवगडावर चाललाय, कुत्रं घेऊन. गडांवर आग्यामोहोळ उठल्याच्या बातम्या वाचते मी दर उन्हाळ्यात."

"त्याला सांगा, आग्याच्या वाटेला कुत्रं मोकळं सोडू नको. धूर, अत्तर, आरडाओरडा काही नको. एक माशी चावणं ही ॲलर्जीची गोष्ट. शेकडो चावणं ही सरळ विषबाधा, तिथे ॲलर्जी असो नसो. अंगाच्या एका किलोला साधारण वीस डंख झाले की जिवावर बेतू शकतं असं पशुवैद्यकात धरतात. म्हणजे पाच किलोच्या पिल्लाला शंभर. तसं झालं तर काटे वेचत बसायचं नाही. कुत्र्यावर काही तरी पांघरायचं आणि बंद जागेत किंवा गाडीत शिरायचं. मग कुत्रं टवटवीत दिसलं तरी दवाखाना. स्नायू आणि रक्तपेशी फुटून पुढच्या दोन-तीन दिवसांत लघवी लाल-तपकिरी होते, मूत्रपिंडं बसतात. बाहेरून पत्ता लागत नाही."

"मग आमच्या मेंदीच्या कुंपणातलं हे छोटं पोळं जाळून टाकू का?" मी विचारलं.

आता काकूंचा आवाज चढला. "खबरदार! ती फुलोरी आहे. गरीब माशी, डिवचलं तरच चावते. तुमच्या शेवग्याला शेंगा कोण धरवतं? आमच्या माहेराजवळचं मांघर 2022 मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, अख्खं गाव माश्यांवर पोट भरतंय, आणि तू जाळायला निघालीस! नकोच असेल तर मधपाळाला बोलव, तो उचलून नेईल."

"मग खंड्याचं काय?"

"सकाळी शेवग्याखाली झाडून घे. त्याचं पाण्याचं भांडं सावलीत, घराजवळ आण. उन्हाळ्यात माश्यांना पाणी लागतं, त्या त्याच्याच भांड्याच्या काठावर येऊन बसतात. त्यांच्यासाठी लांब कोपऱ्यात एक परात ठेव, आत चार दगड टाक बसायला. आपापलं पाणी, आपापली हद्द."

नाना पेपराची घडी करून निघाले. काकूंनी त्यांना थांबवलं. "भाऊजी, मी आळीत काय सांगू ते एका वाक्यात सांगा. माझ्या फार वेळ ध्यानात राहत नाही."

"असं सांगा. काटा नखाने ताबडतोब काढा, फडक्यातला बर्फ लावा, चुना-कांदा-गोळी यातलं काही नको. नुसतं तोंड सुजलं असेल आणि कुत्रं खातंपितं, हिंडतंफिरतं असेल, तर लक्ष ठेवून खुशाल फोटो काढा. पण ओकलं, लुळं पडलं, हिरड्या पांढऱ्या झाल्या किंवा श्वास अडला, तर फोटो, सरबत, सल्ले सगळं बाजूला ठेवून कुत्र्याला आधी गाडीत घाला."